ग्योर्लिट्झचा वीकेंड: आईबाबा, ५ वर्षांची मुलगी आणि माझा जरा जास्तच भरलेला प्लॅन

मुक्ता_लाइपझिग

नमस्कार मंडळी, आईबाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे लाइपझिगला आलेत. बर्लिन आणि प्राग उरकून झालं, आता बाबा म्हणतात गर्दी पुरे, एखादं छोटं जुनं गाव दाखव जिथे बाकावर बसून नुसती नदी बघता येईल. म्हणून जर्मनीच्या सरहद्दीवरचं ग्योर्लिट्झ डोक्यात आलं, नदी आहे, पलीकडे लगेच पोलंड आहे, बाबांना "चालत दुसऱ्या देशात" ही कल्पनाच इतकी आवडलीय की ते गावभर फोन करून सांगतायत.

सप्टेंबरचा शेवटचा वीकेंड. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, रविवारी रात्री घरी. आम्ही पाच जण, गाडी नाही, ट्रेननेच. आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर तासभर चालेल पण चढ दिसला की तिथेच बसते.

माझा प्लॅन असा की शनिवारी सकाळी जुनं गाव, दुपारी पोलंड, संध्याकाळी तो मोठा तलाव, रविवारी सकाळी बाड मुस्काउचं पार्क आणि दुपारी झिटाउला जाऊन त्या छोट्या वाफेच्या गाडीने ओयबिन. नवऱ्याने एक्सेल बघितलं आणि म्हणाला ही सहल नाही, शिक्षा आहे.

तर विचारायचं हे की मुक्काम कुठल्या बाजूला करावा, पोलंडच्या बाजूला खोल्या स्वस्त दिसतायत. आईबाबांचा व्हिसा सिंगल एंट्री आहे, पूल ओलांडून परत आलो तर ती एंट्री संपली असं होतं का? आणि माझं स्वतःचं रहिवासी परवान्याचं कार्ड रिन्यूअलला गेलंय, हातात फक्त तो हिरवा फिक्त्सियोन्सचा कागद आहे, नवं कार्ड येईपर्यंतचा तात्पुरता. आई शुद्ध शाकाहारी. आणि हो, प्लॅनमधलं काय काय कापू?

सॅक्सनीतला_सदा

ताई, नवऱ्याचं ऐका. 😀

मुस्काउ आणि ओयबिन दोन्ही सुंदर आहेत पण एक उत्तरेला एक दक्षिणेला, मध्ये तुम्ही, आणि आईंचे गुडघे. दोन्हीवर काट मारा. मुस्काउचं पार्क नदीच्या दोन्ही काठांवर पसरलंय, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, त्याला एक अख्खा दिवस द्यायला हवा, धावत बघण्यात काही अर्थ नाही. पुढच्या खेपेला ठेवा.

मुक्काम ग्योर्लिट्झलाच करा, आणि तोही जुन्या गावात, स्टेशनजवळ नको. कारण सांगतो. दिवसा ड्रेस्डेनहून लोक येतात, घोळक्याने फिरतात, संध्याकाळच्या गाडीने जातात. सातनंतर उंटरमार्क्टवर, म्हणजे जुन्या गावातल्या चौकात, तुम्ही आणि दिवे, एवढंच उरतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दिवसभरात "ठीक आहे, छान आहे" असंच वाटलं होतं, रात्री जेवून परतताना त्या कमानींखालून चाललो आणि तेव्हा कुठे गाव कळलं. फक्त एक, बुकिंगच्या आधी लिफ्टचं नीट विचारा. ही घरं चारशे-पाचशे वर्षांची आहेत, बाहेरून राजवाडा आणि आत अरुंद दगडी जिना.

बाबांना इतिहासाची आवड असेल तर सांगा त्यांना की हे गाव कापडाच्या आणि निळीसारख्या एका रंगाच्या व्यापारावर श्रीमंत झालं. वाइड नावाच्या झाडापासून तो निळा रंग करायचे, आणि पूर्व-पश्चिम व्यापाराचा मोठा रस्ता इथूनच जायचा. नंतर दुसऱ्या महायुद्धात गाव जवळजवळ शाबूत राहिलं, पण मे १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच पूल उडवले, आणि मग नदी हीच सरहद्द झाली. एका गावाची दोन गावं झाली, पलीकडचं झ्गोजेलेत्स. जुन्या गावातला तो पायी पूल परत बांधून खुला व्हायला २००४ उजाडलं. म्हणजे जवळपास साठ वर्षं समोरचा काठ दिसतोय पण तिथून जाता येत नाही.

पूर्व जर्मनीच्या काळात घरांची पार रया गेली होती. मग १९९५ मध्ये कुणीतरी निनावी माणसाने गावाला दहा लाख मार्क दिले, जुनी घरं दुरुस्त करायला, आणि पुढे दर वर्षी देत राहिला, युरो आल्यावर ५,११,५०० युरो, २०१६ पर्यंत. अट एकच, मी कोण ते शोधायचं नाही. आजही गावात कुणाला विचारलं तर हसतात आणि विषय बदलतात. मला हा किस्सा तिथल्या कुठल्याही चर्चपेक्षा जास्त आवडतो.

ट्रेनचं म्हणाल तर ड्रेस्डेनहून रिजनल गाडीने सव्वा ते दीड तास. लाइपझिगहून ड्रेस्डेनला बदलून साडेतीन तासांच्या आसपास धरा. तुमच्याकडे डॉइचलँड-तिकीट, म्हणजे तो महिन्याचा पास, असेल तर ते चालतं, आईबाबांसाठी झाक्सेन-तिकीट काढा, दिवसभर रिजनल गाड्यांत चालतं. शुक्रवारी मात्र ते सकाळी ९ नंतर, तुम्ही संध्याकाळी निघताय म्हणजे प्रश्नच नाही.

कागदीघोडे

फक्त कागदांबद्दल बोलते, ऑफिसात हेच करते.

आईबाबांची काळजी नको. सिंगल एंट्री म्हणजे शेंगेनमध्ये, युरोपातल्या खुल्या सरहद्दींच्या देशांत, बाहेरून एकदा यायचं. जर्मनी-पोलंड हे शेंगेनच्या आतलंच जाणं-येणं आहे, एंट्री खर्च होत नाही, व्हिसाचे दिवस शिल्लक असले की झालं. पण पासपोर्ट ओरिजिनल बरोबर ठेवा, मोबाइलमधला फोटो नाही, हॉटेलच्या लॉकरमध्ये तर अजिबात नाही. सरहद्द उघडी असली तरी जर्मनीने ऑक्टोबर २०२३ पासून त्या बाजूला तपासणी सुरू केली आणि जुलै २०२५ पासून पोलंडनेही, मुदत वाढवत नेतात. पुलावर कधी कुणीच नसतं, कधी दोघं उभे असतात आणि प्रत्येकाला थांबवतात.

आता तुमचा हिरवा कागद. खरी भानगड तिथे आहे. तो उघडा, तिसरं पान बघा, तिथे चौकटी आहेत. तिसऱ्या चौकटीवर खूण असेल, म्हणजे जुनं परमिट चालू आहे असं धरलं जातंय, तर तो कागद, जुनं कार्ड आणि पासपोर्ट असं तिन्ही घेऊन शेंगेनमध्ये जाता येतं. वरच्या दोनांपैकी एकीवर खूण असेल तर पूल ओलांडू नका. खरंच नका. दहा मिनिटांच्या प्येरोगीसाठी, म्हणजे त्या पोलिश उकडलेल्या करंज्यांसाठी, पुढची दोन वर्षं पत्रव्यवहार करत बसाल. आणि काहीही असलं तरी आधी तुमच्या परवान्याच्या सरकारी ऑफिसला एक ईमेल टाकून ठेवा, उत्तर येईल न येईल.

मुक्ता_लाइपझिग

तिसरं पान उघडून बघितलं, तिसऱ्या चौकटीवरच फुली आहे!! हुश्श. इतके महिने ड्रॉवरमध्ये पडलाय, आत काय लिहिलंय ते कधी वाचलंच नव्हतं. ईमेलही टाकते.

लोकलट्रेन

दोन रात्री कशाला? आम्ही ड्रेस्डेनहून सकाळी गेलो संध्याकाळी परत, चार तासांत सगळं बघून झालं. शेवटचे दोन तास काय करावं कळेना.

सॅक्सनीतला_सदा

@लोकलट्रेन चार तासांत बघून होतं, बसून होत नाही. त्यांच्या बाबांना बसायचंय.

खादाडखाऊ

जेवणाचं मी सांगतो कारण शाकाहारी आईला घेऊन मी तिथे तीनदा गेलोय.

ग्योर्लिट्झच्या मेनूवर "श्लेझिशेस हिमेलराइश" असं दिसेल, अर्थ सायलेशिया प्रांताचा स्वर्ग. नाव वाचून आमच्या मातोश्री खुश झाल्या होत्या. स्मोक्ड डुकराचं मांस असतं, सुकवलेल्या फळांबरोबर. तेव्हा तो स्वर्ग आईंना नको. श्ट्रॉयझेलकुखन हा केक मात्र मिळेल तिथे खा, वरचा भुगा भरपूर असलेला, पण अंडं अजिबात चालत नसेल तर आधी विचारा.

खरी मजा पलीकडे. प्येरोगी रुस्क्ये मागा. "रुस्क्ये" म्हटलं तरी रशियाशी संबंध नाही, आत बटाटा आणि पनीरसारखं पांढरं चीज आणि कांदा असतो. आता नीट ऐका, मेनूत शाकाहारी म्हणून असलं तरी वरून परतलेल्या चरबीचे बारीक तुकडे घालून आणतात, स्क्वार्की म्हणतात त्याला, आणि ते तळलेल्या कांद्यासारखे दिसतात!! आमच्याकडे पहिल्या खेपेला ताट टेबलावर आलं, आईने चमचा उचलला, मी वाकून बघितलं आणि ताट ओढून घेतलं, पुढचा अर्धा तास ती माझ्याशी बोलली नाही. ऑर्डर देतानाच म्हणायचं "बेझ स्क्वारेक", आणि बेझ बोच्कू सुद्धा म्हणा, म्हणजे बेकनही नको. बटाट्याचे प्लात्स्की असतात तेही छान, पण पिठात अंडं असतं बहुतेक.

पैसे: तिथे झ्लॉटी, युरो नाही. पुलाच्या तोंडाशी दुकानदार युरो घेतात पण भाव त्यांचा. कार्ड सगळीकडे चालतं, फक्त मशीन विचारतं युरोत कापू की झ्लॉटीत, डोळे झाकून झ्लॉटी दाबा. युरो दाबलं की रेट मशीनचा लागतो.

आणि पोलंड शनिवारीच करा. रविवारी तिथेही बहुतेक मोठी दुकानं कायद्याने बंद, वर्षातले मोजके रविवार सोडून. जर्मनीत तर तुम्हाला माहितीच आहे. रविवारी दोन्ही काठांवर शटर बघत फिरावं लागतं.

आईंना भांड्यांची हौस असेल तर झ्गोजेलेत्समध्ये निळ्या ठिपक्यांची मातीची भांडी बघा, पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर बोलेस्वाव्येत्स आहे तिथली. दणकट असतात, ओव्हनमध्ये चालतात. आणि वजनदार असतात हे आत्ताच सांगतो, नंतर मला शिव्या देऊ नका.

चाकावरती

नाइसेच्या, म्हणजे तिथल्या नदीच्या, काठाने सायकलवर दोनदा गेलोय म्हणून काठाबद्दल.

आईंसाठी एक गोल फेरी सुचवतो, तीनएक किलोमीटर असेल, मधे मधे बसत केली तर अर्धा दिवस जातो. उंटरमार्क्टवरून नाइसश्ट्रासेने खाली नदीवर उतरायचं, हाच काय तो उतार, येताना इकडून येऊ नका. पायी पुलावरून पलीकडे. पलीकडच्या काठावर उजवीकडे-डावीकडे कुठेही बाक पकडा आणि मागे वळून बघा, वर पेटर्सकिर्शे चर्चचे दोन उंच सुळके, खाली नदीतला बंधारा आणि त्याचा सतत आवाज. गावाचं सगळ्यात चांगलं दर्शन पोलंडमधून होतं, हे तिथले जर्मनही मान्य करतात. याकोब ब्योमं नावाचा सतराव्या शतकातला चांभार-तत्त्वज्ञ होता, त्याचं घर त्याच बाजूला आहे, बाबांना दाखवा.

मग काठाकाठाने दक्षिणेला. काठाच्या एका भागाला ग्रीकांचं नाव आहे, कारण १९४९ नंतर ग्रीसमधल्या यादवी युद्धातून पळालेले हजारो लोक या गावात आणून वसवले होते. पुढे मोठा घुमट असलेली इमारत दिसेल, आता सांस्कृतिक भवन आहे. ६ जुलै १९५० ला पूर्व जर्मनी आणि पोलंडने ही नदीची सरहद्द मान्य करणारा करार तिथे केला. तिथून वाहनांच्या पुलावरून जर्मनीत परत, पूल उतरलं की बागेत एक दगड आहे, १५ अंश पूर्व रेखांशाचा. आपलं इथलं घड्याळ ज्या वेळेवर चालतं ती मध्य युरोपची वेळ याच रेषेची. मुलीला रेषेच्या दोन बाजूंना पाय ठेवून फोटो काढायला मजा येईल. तिथून टॅक्सीने वर या, चढ वाचला. दक्षिणेला रेल्वेचा दगडी पूलही दिसतो, १८४७ चा, पस्तीस मीटर उंच, तो लांबूनच छान.

झ्गोजेलेत्सच्या दक्षिणेला युद्धकैद्यांची छावणी होती, तिथे आता स्मारक आहे. फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसियाँ तिथे कैदी होता, १५ जानेवारी १९४१ ला त्याने आपली नवी रचना तिथल्याच बराकीत, बरोबरच्या कैद्यांना घेऊन वाजवली. मी गेलो तेव्हा माझ्याशिवाय कुणी नव्हतं. लहान मुलीला घेऊन नको, पण बाबांना एकट्यांना जायचं असेल तर नवऱ्याने टॅक्सीने नेऊन आणावं.

तलाव म्हणजे बेर्झडोर्फर झे, मूळची कोळशाची खाण, २००२ पासून दहा-अकरा वर्षं पाणी भरत होते. मोठा आहे, उन्हाळ्यात मस्त. सप्टेंबरअखेर संध्याकाळी वारा सुटला की थंडी वाजते. कापा. त्यापेक्षा मुलीला प्राणिसंग्रहालयात न्या, छोटंसं आहे, लाल पांडा आहेत.

कागदीघोडे

कागद सोडून एक सांगू का, उंटरमार्क्ट २२ नंबरच्या दाराची कमान चुकवू नका. कमानीच्या दगडात खाच आहे, एका टोकाला तोंड लावून कुजबुजलं की दुसऱ्या टोकाला कान लावलेल्याला स्पष्ट ऐकू येतं. आणि टाउनहॉलच्या टॉवरवर घड्याळापाशी एक मुंडकं आहे, दर मिनिटाला जबडा उघडतं. मुलगी तिथून हलणार नाही.

मुक्ता_लाइपझिग

जाऊन आलो!! उशिरा लिहितेय, माफ करा, आईबाबांची परत जायची तयारी चालू आहे.

एक्सेल फाडलं. शुक्रवारी रात्री पोचलो तर हॉटेलची पहिली गंमत. लिफ्ट आहे का हे मी फोनवर दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा "हो हो आहे". आहेच, पण ती पहिल्या मजल्यावर सुरू होते. पहिल्या मजल्यापर्यंत बावीस पायऱ्या, माझ्या मुलीने मोजल्या. आई निम्म्यावर बसली आणि म्हणाली लिफ्टला लिफ्ट लावा. तेव्हा सदाभाऊ, तुमच्या सल्ल्यात भर घाला, लिफ्ट कुठून सुरू होते तेही विचारायचं.

शनिवारी चाकावरतींची फेरी जशीच्या तशी केली. पुलावर त्या दिवशी पोलंडच्या बाजूला दोन जण उभे होते, आम्हाला थांबवलं. आईबाबांचे पासपोर्ट बघून लगेच सोडलं, माझा हिरवा कागद मात्र एकाने उलटा धरला, सुलटा केला, तिसऱ्या पानावर बोट ठेवून दुसऱ्याला दाखवला, आणि मग "गुड" म्हणाला. माझा जीव तेवढ्यात वरखाली होऊन आला. कागदीघोडे ताई, तुमच्या नावाने पोलंडच्या पहिल्या बाकावर बसून पाणी प्यायलो.

बाबा त्या बाकावरून दीड तास उठलेच नाहीत. बंधाऱ्यावरून पाणी पडतंय, समोर ते सुळके, एक बदक तेवढ्याच जागेत प्रवाहाविरुद्ध पोहतंय. मी दोनदा म्हटलं चला, तर म्हणे तुम्ही जाऊन या, मी इथे पोलंड सांभाळतो.

कुजबुजायच्या कमानीत बाबांनी एका टोकाला तोंड लावून सांगितलं, "आपण आइसक्रीम खाल्लं ते आजीला सांगू नकोस." मुलीने दुसऱ्या टोकाला कान लावून ऐकलं, उडीच मारली आणि चौकभर ओरडली, "आजीऽऽ, आजोबांनी मला आइसक्रीम दिलं ते तुला सांगायचं नाहीये!" बाबांना साखरेचा त्रास आहे आणि त्यांनी स्वतःही एक खाल्लं होतं. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

रविवारी दुपारी पेटर्सकिर्शेमध्ये ऑर्गन ऐकलं, तो १७०३ चा, ज्याच्या दर्शनी भागावर नळ्या सूर्यकिरणांसारख्या लावल्यात. आईला ऑर्गनबिर्गनचं काही नाही, पण ती डोळे मिटून बसली होती, आम्हाला वाटलं झोपली, संपल्यावर म्हणाली अजून आहे का.

आणि घोळ शेवटी झालाच. ओबरमार्क्टच्या चौकात कॉफी पीत होतो, चर्चच्या घड्याळाचे टोले पडले, नवरा म्हणाला अरे उशीर झाला, बॅगा उचला. टॅक्सी मिळाली नाही, ट्राम नुकतीच गेलेली, आईला मधे धरून आम्ही बर्लिनर श्ट्रासेने जवळजवळ पळत स्टेशन गाठलं. तिथे पोचलो तर गाडीला बराच वेळ.

सॅक्सनीतला_सदा

अरेरे, ते सांगायचंच राहिलं. ड्रायफाल्टिगकाइट्सकिर्शे ना? ते घड्याळ सात मिनिटं पुढेच असतं. १५२७ मध्ये कापड विणणाऱ्यांनी नगरपालिकेविरुद्ध कट केला होता, गुप्त बैठकीनंतर त्याच चर्चच्या, तेव्हाच्या मठाच्या, घड्याळाचे टोले ऐकून बाहेर पडायचे म्हणजे पहारेकरी गस्तीला येण्याआधी निसटता येईल, आणि ते घड्याळ पुढे होतं की केलं होतं यावरून पुढे बरंच रामायण झालं. बाजूच्या गल्लीचं नावच गद्दारांची गल्ली आहे. तेव्हापासून ते सात मिनिटं पुढे ते पुढेच.

मुक्ता_लाइपझिग

म्हणजे आम्ही जवळपास पाचशे वर्षांपूर्वीच्या कटासाठी आईला पळवलं. तिला वाचून दाखवते.

खादाडखाऊ

ते सगळं ठीक आहे, प्येरोगी?

मुक्ता_लाइपझिग

बेझ स्क्वारेक, बेझ बोच्कू, वाढणाऱ्या बाईने मान डोलावली आणि तरीही स्क्वार्की घालून आणले. परत पाठवले, दुसरं ताट आलं, आईने चौदा खाल्ले. भांडीही घेतली, चार बाउल आणि एक किटली, किलो किती ते विचारू नका. एका बाउलचा कान ड्रेस्डेनला गाडी बदलताना उडाला, आई म्हणते विरजणाला चालेल.